तेहतीस फुटांची साखळी

सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्राच्या खालोखाल ‘आकार’ या नावाचा एक रकाना असतो, आणि त्यात काही रुपये व काही पैसे अशी एक क्षुल्लक रक्कम वर्षानुवर्षे तलाठ्याच्या हातून उतरत आलेली असते. ज्या जमिनीच्या गुंठ्याचा भाव आज लाखांत बोलला जातो तिचा वार्षिक आकार चहाच्या दोन पेल्यांनाही पुरत नाही; त्यामुळे खातेदार तो वाचीत नाही, खरेदीदार त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, आणि वकील उताऱ्यावरची नावे, बोजा आणि फेरफार तेवढे पाहून कागद खाली ठेवतो. मला मात्र त्या रकान्याविषयी फार दिवसांचे कुतूहल आहे. कारण तो आकडा ज्या पद्धतीने बसविला गेला तिचा जन्म आमच्या इंदापूर तालुक्यात, १८३५-३६ च्या सुमारास, भीमा आणि नीरा यांच्यामधल्या उघड्याबोडक्या माळावर झाला, आणि तिच्या जनकांपैकी एक जण कंपनी सरकारच्या इंजिनियर पलटणीतला, तलवार कमरेला ठेवून हातात साखळी धरलेला, पोरसवदा लेफ्टनंट होता.

ती साखळी मी लहानपणी पाहिली आहे. आमच्या चुलत्यांचा आणि शेजाऱ्याचा बांधाचा तंटा विकोपाला गेला तेव्हा सरकारी मोजणी आली. मोजणीदाराच्या शिपायाने खांद्यावरचा लोखंडी कड्यांचा जुडगा भुईवर टाकला त्याचा खळखळाट, मधूनमधून लावलेले पितळी बिल्ले, आणि डोक्यावर फुलीसारखी चीर असलेला तो लाकडी शंकू मला अजून आठवतो. महिनाभर एकमेकांचे तोंड न पाहिलेले चुलते आणि शेजारी साखळी ताणली जाताच एकदम वाकले आणि शेवटच्या कडीकडे एकाच नजरेने पाहू लागले. साखळीची लांबी तेहतीस फूट. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागास आणा म्हणावयाचे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तो गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. त्यापूर्वी आमच्या मुलखात पाच हात पाच मुठींची काठी होती, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर होता. परंतु हात कोणाचा आणि मूठ कोणाची, हा प्रश्न पाटलापाशी येऊन अडखळे, आणि पाटलाचा हात प्रसंगानुरूप लांब किंवा आखूड होई.

हीच वर्षे आणि हाच धंदा घेऊन आणखी एक तरुण पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला रानोमाळ हिंडत होता, हे मला फार उशिरा कळले. अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात न्यू सेलम नावाचे एक खेडे होते. तेथील एका बुडालेल्या दुकानाचा भागीदार, टपालवाटपाचे काम अंगावर घेतलेला अब्राहाम लिंकन, वय वर्षे चोवीस, याला १८३३ साली जिल्ह्याच्या मोजणीदाराने आपला दुय्यम नेमले. त्याने उसन्या पुस्तकांवरून भूमिती शिकून घेतली, होकायंत्र आणि साखळी उधारीवर घेतली, आणि पुढली तीन-चार वर्षे रस्ते, शेते आणि नव्या वसाहतींचे गाळे मोजले. आदल्याच वर्षी, १८३२ मध्ये, ब्लॅक हॉक या आदिवासी सरदाराविरुद्धच्या मोहिमेत त्याच्या गाववाल्यांनी त्याला आपल्या तुकडीचा कप्तान निवडले होते. लढाई त्याच्या वाट्यास आली नाही, आणि आपण रक्त सांडले ते डासांसाठी, असा विनोद तो पुढे स्वतःच करी. १८३४ साली तो प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेला. १८३६ साली त्याला वकिलीची सनद मिळाली. शिपाई, मुत्सद्दी आणि वकील या तिन्ही वृत्ती एकाच देहात नांदणे ही त्या काळच्या अमेरिकेत नित्याची गोष्ट होती. लिंकनची साखळी सहासष्ट फुटांची, म्हणजे इंदापूरच्या साखळीच्या नेमकी दुप्पट. मोजमापाचे कूळ एकच. इकडे ती गुंठ्याच्या सोयीसाठी निम्मी करून घेतली होती, एवढाच फरक.

आमच्याकडे असे त्रिगुणी पुरुष नव्हतेच असे मात्र कोणी समजू नये. बारामतीचा बाबूजी नाईक जोशी हा सावकार, मुत्सद्दी आणि सरदार असा तिहेरी होता; त्याचा भाऊ आबाजी हा बाळाजी विश्वनाथाचा जावई, म्हणजे पेशव्यांच्या घरचा सोयरा, आणि खुद्द पेशवे त्याचे ऋणको. १७४० साली थोरले बाजीराव निवर्तले तेव्हा नानासाहेबांऐवजी पेशवाईची वस्त्रे आपणांस मिळावीत म्हणून याने नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने शाहू महाराजांपुढे भारी नजराण्याची बोली केली होती. ती फसली. त्याने कर्नाटकावर स्वाऱ्या केल्या, त्यांतही यश बेताचेच आले. आणि आज त्याचे नाव निघते ते बहुधा त्याच्या आश्रयाला राहून कऱ्हेकाठी अखंड आर्या रचीत बसलेल्या मोरोपंतांमुळे. सावकाराने पोसलेला कवी टिकला आणि सावकार विस्मृतीत गेला, हा न्याय आपल्या मुलखात तरी अपूर्वच म्हणावा लागेल. कारण कऱ्हेकाठच्या पुढल्या शतकातील सावकारांची कीर्ती अगदी निराळ्या कारणाने झाली, ती हकीकत यथाक्रम येईलच.

इंदापूर हा फार जुना परगणा. मालोजीराजे भोसले याच मातीत धारातीर्थी पडले असे परंपरा सांगते, आणि भीमथडीची तट्टे याच टापूत चरून पुढे उत्तरेत पाणी पिऊन आली. जमिनीचे पाहाल तर उत्तरेस आणि पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आग्नेयेच्या टोकाला नरसिंहपुरी दोघींचा संगम; नद्यांच्या कडेने पट्टा काळ्याभोर जमिनीचा, आणि मध्ये मुरमाड, खडकाळ, बाजरीला कसाबसा आधार देणारा माळ. घाटावरून पूर्वेला येणारा पाऊस इथवर पोचेपर्यंत थकलेला असतो. अशा मुलखावर, पेशवाई बुडून दहा-बारा वर्षेही झाली नव्हती तोच, एका विलायती सिद्धांताचा प्रयोग झाला. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा मुलकी अधिकारी हेलिबरीच्या विद्यालयात माल्थसपाशी अर्थशास्त्र शिकून आलेला. जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा सारा खर्च वजा घालावा आणि जे निव्वळ उरेल त्याचे शेकडा पंचावन्न सरकारने घ्यावे, असे त्याने ठरविले. कागदावर याहून न्याय्य काही दिसणार नाही. पण बाजरीच्या रानात बैलाची वैरण किती, घरच्या माणसाची मजुरी किती, बियाणे किती, हे शेकडो गावांत शेतोशेत जाऊन टिपावयाचे कोणी? ते काम अल्प पगाराच्या कारकुनांकडे गेले. ज्याने हात ओला केला त्याची काळी जमीन कागदावर बरड झाली, आणि ज्याच्यापाशी देण्यास काही नव्हते त्याचा बरड माळ काळा झाला.

१८३० साली ही जमाबंदी अमलात आली ती ऐन पडत्या भावांच्या आणि कोरड्या वर्षांच्या तोंडावर. सूट द्यावी, पुन्हा बाकी काढावी, बाकीसाठी मामलेदाराने माणसे उन्हात उभी करावीत, पाठीवर दगड द्यावेत. रयतेने घरदार टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून जावे आणि मागे कुसळांनी शेते भरावीत, असा क्रम काही वर्षे चालला. प्रिंगल हा दुष्ट मनुष्य नव्हता, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. त्याचा हिशेब चोख होता, आणि ज्या जगाचा तो हिशेब होता ते जग त्याच्या वहीत होते.

या उद्ध्वस्त तालुक्याची चौकशी करण्यास १८३५ साली हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड आला. वय तेवीस. जॉर्ज विंगेट आणि नॅश हे दोघे इंजिनियर लेफ्टनंट लवकरच त्याला येऊन मिळाले. आणि मदतनिसांत नुकताच विलायतेहून आलेला बार्टल फ्रिअर हा उमेदवार होता, ज्याला पुढे सबंध मुंबई इलाख्याचे गव्हर्नरपद मिळावयाचे होते. वसुलासाठी रयतेवर होणाऱ्या जुलमाचे पुरावे या पोरांनी गावोगाव जाऊन गोळा केले, आणि मग प्रिंगलचा सिद्धांत बाजूस ठेवून एक साधी युक्ती योजली. एका शेताचे निव्वळ उत्पन्न किती, हा प्रश्नच त्यांनी विचारला नाही. या गावांच्या गटाने मागील वीस-पंचवीस वर्षांत प्रत्यक्षात किती वसूल दिला, कोणत्या आकड्याला लागवड वाढली आणि कोणत्या आकड्याला रान ओस पडले, बाजारपेठ किती कोसांवर आहे, पाऊस कसा आहे, एवढे पाहून गटाची रक्कम वरून ठरवावी. आणि मग ती रक्कम शेतांच्या परस्पर प्रतीप्रमाणे खाली वाटून द्यावी. प्रिंगल शेतापासून वर चढत होता, हे वरून शेतापर्यंत उतरले. त्याची मोजणी जेथे बरी होती तेथे त्यांनी ती मोडली नाही. जेथे लबाडी दिसली तेथे नव्याने साखळी ओढली.

प्रतबंदीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी मिळून जो अहवाल लिहिला त्यात ही रीत कायमची बांधून दिलेली आहे. शेताचे कागदावर चौकोनी खण पाडावयाचे. प्रत्येक खणात कुदळीने उकरून मातीची जात आणि खोली पाहावयाची. मऊ, बारीक पोताची काळी जमीन हा पहिला प्रकार. भरड, बहुधा तांबूस, हा दुसरा. आणि मुरमाड, ठिसूळ हा तिसरा. पहिल्या प्रकारची जमीन पावणेदोन हात खोल भरली तर ती सोळा आणे, दीड हात असेल तर चौदा, एक हातच असेल तर दहा, आणि पाव हातावर मुरूम लागला तर साडेचार आणे. त्यावर दोषांची वजावट: चुनखडीचे खडे मिसळलेले आहेत काय, वाळू आहे काय, जमिनीला उतार आहे काय, पाणी जिरत नाही काय, पावसाळ्यात लोंढा वरून जातो काय, की उमाळा लागून जमीन चिबडते? दर दोषामागे एक प्रत खाली. सर्व खणांचे आणे मिळवून सरासरी काढली की शेताची प्रत निघाली, आणि गावाच्या कमाल दराशी तिची सांगड घातली की निघाला तो आकार. कारकुनाने केलेल्या कामातली काही शेते वरचा अधिकारी स्वतः पुन्हा उकरून पाही. तफावत फार निघाली तर त्या कारकुनाची धडगत नसे. वऱ्हाडापासून कारवारापर्यंत पुढे जी टिपणे, प्रतबुके आणि आकारबंद तयार झाले ते सारे याच साच्यातून निघाले आहेत. आपला कुणबी रुपयाच्या भाषेत जमिनीचे गुण सांगतो, ‘बारा आणे रान’ म्हणतो, तेव्हा ही रीत त्याच्या जिभेवरून कागदावर गेली की कागदावरून जिभेवर आली, हे ठरविणे मला अवघड वाटते.

शेताचा नंबर ठरविताना एका बैलजोडीला वर्षभरात जेवढे पेलेल तेवढे क्षेत्र धरीत. हलक्या माळात साधारण वीस एकर, भारी काळीत त्याहून कमी. नंबराच्या कडांना मातीचे बांध आणि दगड. आकार तीस वर्षांसाठी कायम. मध्ये कोणी विहीर पाडली, ताल धरली, माळाची बाग केली, तरी सरकार एक पै अधिक मागणार नाही. आणि नको असेल त्याने वर्षाच्या आरंभी राजीनामा द्यावा, हवे असेल त्याने कबुलायत लिहून द्यावी. मिरासदार आणि उपरी हा जुना भेद येथे पुसला गेला. नंबर ज्याच्या नावावर त्याचा, तो वारसाने चालेल, दान देता येईल, विकता येईल. परागंदा झालेली माणसे परत येऊ लागली, पडीत रान वहितीला आले, आणि बाकीच्या याद्या आखूड झाल्या. शेवटच्या त्या ‘विकता येईल’ या शब्दाकडे मात्र तेव्हा कोणाचे फारसे लक्ष गेले नसावे.

लक्ष गेले ते प्रथम विंगेटचेच. तो एव्हाना सर्व्हे खात्यात उच्चपदी चढला होता. खानदेशात त्याच्या मोजणीविरुद्ध रयतेने १८५२ साली दंगाही केला होता. त्याच वर्षी त्याने सरकारला लिहिलेल्या पत्रात सावकार आणि कूळ यांच्या संबंधाचे जे निदान केले ते मला त्याच्या साऱ्या प्रतबंदीपेक्षा मोलाचे वाटते. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, जुन्या अमलात सावकाराला वसुलासाठी सरकारचा हात क्वचितच मिळे. कूळ बुडाले तर आपलेही पैसे बुडतील, हे तो जाणून असे आणि म्हणून दोघांचे हित एका दाव्याला बांधलेले राही. नव्या दिवाणी कोर्टांनी ते दावे तोडले; आता हुकूमनामा आणि जप्ती हाती आल्यावर सावकाराला कुळाच्या भल्याची पर्वा करण्याचे कारण उरले नाही. पुढे १८५९ साली, हिंदुस्थानातून विलायतेस दरसाल जाणारा पैसा ही एक प्रकारची खंडणीच होय, असे प्रतिपादन करणारी एक पुस्तिका त्याने लिहिली आणि दादाभाई नौरोजींनी तिचा आपल्या युक्तिवादात आधार घेतला. सरकारी वेतनावर हयात काढलेल्या शिपायाने हे लिहावे, याचे मला आश्चर्य वाटत नाही. ज्याने वर्षानुवर्षे एकेका शेताचे आणे-पै मोजले त्याला शेवटी हे सारे आणे कोठे जातात, असा प्रश्न पडणारच.

त्याच १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. खताची मुदत तीन वर्षे. त्यानंतर दावा चालणार नाही. कुळाच्या रक्षणासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम असा झाला की, दर तीन वर्षांनी सावकाराने कुळाला दुकानी बोलवावे, मुद्दल आणि व्याज यांची बेरीज करून तिलाच मुद्दल ठरवावे आणि नवे खत लिहून घ्यावे. खाली कुणब्याची सही म्हणून नांगराची निशाणी. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते.

एवढ्यात अमेरिकेत युद्ध पेटले. न्यू सेलमचा तो मोजणीदार आता राष्ट्राध्यक्ष झाला होता, आणि १८६१ च्या एप्रिलात त्याने दक्षिणेकडील बंडखोर संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईचे दलाल रातोरात कोट्यधीश होऊ लागले. इंदापूर-बारामतीच्या माळावर कापूस असा कितीसा पिकतो! परंतु पैसा पाण्यासारखाच उताराने वाहतो. लोहमार्ग १८५८-५९ मध्येच पुण्याहून भीमेकाठच्या डिकसळपर्यंत आणि तेथून पुढे सोलापूरच्या अंगाला गेला होता. रूळ, घाट आणि इमारतींच्या कामांवर मजुरी वाढली, धान्याचे भाव चढले, बैल महागला, आणि आजवर ज्याला कोणी दहा रुपये दिले नसते त्या कुणब्याला सावकार घरी येऊन शंभर देऊ लागला. जमीन विकता येते, हे एव्हाना त्याला पक्के कळले होते.

गव्हर्नरच्या आसनावर या वेळी बार्टल फ्रिअर होता. गोल्डस्मिड १८५५ च्या जानेवारीत कैरो येथे, त्रेचाळीस वर्षेही पुरी न करता, निवर्तला. त्याच्या स्नेह्यांनी वर्गणी काढून त्याने जेथे काम आरंभिले त्या मुलखात, डिकसळच्या स्टेशनाजवळ, वाटसरूंसाठी एक धर्मशाळा बांधली, आणि १८६५ साली ती उघडण्यासाठी फ्रिअर स्वतः आला. तीस वर्षांपूर्वी ज्या रानात तो तट्टावर बसून जुलमाच्या जबान्या लिहून घेत हिंडला, तेथेच तो गव्हर्नर म्हणून आगगाडीतून उतरला. त्याच वर्षी अमेरिकेत दक्षिणेने शस्त्रे खाली ठेवली, लिंकनला गोळी लागली, आणि मुंबईत कापसाचे भाव कोसळून बँका व कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या बसल्या.

इंदापूरच्या तीस वर्षांच्या कराराची मुदत याच वेळी संपली. १८६७ ची फेरआकारणी ज्या अधिकाऱ्यांनी केली त्यांच्यापुढे युद्धकाळातले चढे भाव, नवा लोहमार्ग आणि गजबजलेले बाजार होते; त्यांनी तालुक्याचा आकार निम्म्याहून अधिक वाढविला. परदेशातील एका युद्धाने आलेली तेजी ही इंदापूरच्या मातीचाच गुण समजली गेली, अशी ही चूक होती. प्रिंगलने एक सिद्धांत रयतेवर लादला आणि यांनी एक योगायोग लादला. दोन्ही खेपांस हप्ता भरण्यासाठी माणूस गेला तो सावकाराच्याच ओट्यावर. पुढे १८७४ साली सरकारने मर्यादा घातली, की वाढ तालुक्यास शेकडा तेहतीस, गावास सहासष्ट आणि एका खात्यास शंभर यापलीकडे नसावी. इकडच्या तालुक्यांचे दर उतरवावेही लागले. तोवर भाव मुळावर आले होते आणि खते तीनदा बदलून झाली होती.

येथे लिंकनची एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. मोजणीचे काम करीत असतानाच बुडालेल्या दुकानाच्या कर्जापायी एका धनकोने त्याच्यावर दावा लावला, हुकूमनामा मिळविला, आणि सरकारी माणसाने येऊन त्याचा घोडा, खोगीर, होकायंत्र आणि साखळी जप्त करून लिलावात काढली. जेम्स शॉर्ट नावाच्या एका शेतकरी स्नेह्याने ती सारी चीजवस्तू एकशेवीस डॉलरांस बोलीवर घेतली आणि ज्याची त्याला परत नेऊन दिली. माणसाची हत्यारे गेली की त्याचा धंदा गेला, हे त्या शेतकऱ्याला कळत होते. आणि पुढे अध्यक्ष झाल्यावर लिंकन त्याला विसरला नाही. सुप्याच्या किंवा इंदापूरच्या कुणब्याची बैलजोडी बेलिफाने सोडून नेली तेव्हा बोलीला उभा राही तो बहुधा सावकारच किंवा सावकाराचा मेहुणा. लिंकन स्वतः शिपाई होता, स्वतः वकील होता, स्वतः विधिमंडळात बसत होता. आमच्याकडे शिपाई विंगेट होता, राज्यकर्ता फ्रिअर होता, वकील पुण्यात सार्वजनिक सभेच्या कचेरीत होते, आणि त्यांतले गणेश वासुदेव जोशी यांच्यासारखे सच्चे लोक कुणब्याची गाऱ्हाणी तळमळीने लिहीतही होते. कुणब्याच्या अंगी मात्र या तिघांपैकी एकही नव्हता.

१८७५ च्या मे महिन्याची १२ तारीख. आजच्या बारामती तालुक्यातले आणि तेव्हाच्या भीमथडीतले सुपे, बाजाराचा दिवस. शिरूरकडे करड्याला मागल्या हिवाळ्यापासूनच सावकारांवर बहिष्कार पडला होता: न्हावी हजामत करीना, कोणी पाणी भरीना. सुप्यात भरल्या बाजारात जमलेले लोक गुजर सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. कापड आणि धान्य लुटले गेले, एक घर पेटले. पण त्यांना हवी होती ती दप्तरे. खते, रोखे, हुकूमनाम्यांच्या नकला, जे जे लिहिलेले होते ते रस्त्यात आणून त्याची होळी केली. पुढल्या दिवसांत पुणे आणि अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत दंगे पसरले तेव्हा बहुतेक ठिकाणी हाच प्रकार घडला; ज्या सावकाराने कागद मुकाट्याने पुढे केले त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनने सावकारी आणि कोर्टे यांवर बोट ठेवले. सभासदांपैकी ऑकलंड कॉल्व्हिनने मात्र सारावाढीलाही तितकेच जबाबदार धरले. कमिशनने विंगेटचे १८५२ चे पत्र बाहेर काढून त्याचा आधार घेतला. तेवीस वर्षे ते दप्तरात पडून होते.

१८७६-७७ च्या दुष्काळाने राहिलेले पुरे केले. मग १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा झाला; कर्जापायी कुणब्याला तुरुंगात टाकणे बंद झाले, आणि खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, बारामतीच्या आणि इंदापूरच्या रानात ऊस उभा राहिला, आणि अडीच आण्यांच्या मुरमाने सोळा आण्यांच्या काळीला पिकात मागे टाकले. उसाची ती पुढली कहाणी सर्वांना ठाऊक आहे.

मागल्या उन्हाळ्यात मी डिकसळला गेलो होतो. उजनी धरणाच्या पाण्याने भीमेचे ते जुने काठ १९८० च्या सुमारास गिळले. काळ्या जमिनीचा सोळा आण्यांचा पट्टा पहिल्यांदा गेला, आणि बरड माळ वर राहिला. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, चिखलात रोहित पक्षी उतरतात, आणि मोकळ्या झालेल्या गाळावर लोक पेरा करून घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. एक सत्तरीच्या घरातले गृहस्थ पाभर थांबवून बांधावर बसले होते. गाळात बुडालेली दगडांची एक ओळ पुसटशी वर आली होती.

“ह्यो आमचा नंबर, पाव्हणं,” ते म्हणाले. “पल्याडचा चुलत्याचा. सरकारनं दोन्ही घेतलं, पैसं बी खाऊन झालं. पर बांध हाय तिथंच हाय.”

मी विचारले, की आता दोन्ही सरकारचेच, तर मग बांध कशाला पाहायचा? त्यांनी उत्तर दिले नाही. दगडापासून तोंडाने मोजीत तेरा पावले टाकली, टाचेने चिखलात रेघ ओढली, “ही एक साखळी,” म्हणाले. आणि पाभर वळवून तिच्या अलीकडून धरली.